वानछिंगचं फडकं माझ्या डोक्यावर

मी कोरफड बोलतेय. हळू बोलतेय, कारण सुरी इथेच पायरीवर ठेवलेली आहे. भित्री म्हणा हवं तर. जिची एकेक पात कापून नेतात, तिने भ्यायचं नाही तर काय करायचं?

फंगहू बेटावर, वारा अडवणाऱ्या प्रवाळाच्या दगडी भिंतीआड माझा जन्म झाला. आमाने, म्हणजे माझ्या म्हाताऱ्या मालकिणीने, मला आईच्या बुडापासून उपटून पत्र्याच्या डब्यात लावलं. इथलं ऊन म्हणजे काय सांगू! वर सूर्य, खाली पाण्याची चकाकी. ओहोटीला शिंपल्या खणायला निघालेल्या बायका डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड फडक्याने गुंडाळतात. तरी कुणीतरी भाजून येतंच, आणि मग सुरी माझ्याकडे वळते. या उन्हाळ्यात माझ्या चारच पाती उरल्या होत्या.

यंदा आमाचे गुडघे धरले. म्हणून सुट्टीला आलेली तिची नात वानछिंग शिंपल्यांना निघाली. आमाने तिच्यासाठी फुलाफुलांचं फडकं शिवलं होतं.

"आमा, हे बांधून मी दरोडेखोर दिसेन!"

"दिस की. नाक तरी सोलणार नाही."

"आज आभाळ आलंय. ऊन कुठंय?"

"ढगाआडूनही भाजतं, कार्टे! कळत नाही एवढंच."

वानछिंग हसली आणि ते फडकं तिने माझ्याच डोक्यावर बांधलं. "ही बघ, उन्हाने कशी लाल पडलीय. हिलाच नटव!" म्हणाली आणि बिनबाह्यांच्या बंडीवर निघून गेली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आख्खा दिवस मी गार सावलीत होते.

संध्याकाळी शेजारचे आशुई काका तिला दंडाला धरून घेऊन आले. तोंड, मान, खांदे, सगळं उकडलेल्या खेकड्यासारखं लाल. उन्हाळ्यात पोर थंडीने कुडकुडत होती. आमाने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि सुरी घेऊन माझ्यापाशी आली. एक पात कापून वाटीत उभी केली, पिवळा चीक निथळायला. तो अंगाला लागला तर खाज सुटते. एवढ्या भाजण्याला पात पुरणार नव्हती, म्हणून सुरी माझ्या गाभ्याकडे वळली. गाभा कापला की मी संपले. माझं पाणी पाणी झालं.

"वहिनी, टूथपेस्ट लावा ना," आशुई काका म्हणाले.

"तुझ्या तोंडाला लाव!"

तेवढ्यात वानछिंग ओकली. बंडी सरकली, तर खांद्यावर टपोरे फोड, त्यातला एक फुटलेला. आमाचा हात जागीच थांबला.

"हे आता कोरफडीचं काम नाही. आशुई, स्कूटर काढ, दवाखान्यात चल. आणि तू गं, फोडांना हात लावशील तर बघ!"

सुरी पायरीवर टाकून तिघं गेली.

मी वाचले, पण आनंद कसला? तिच्या तोंडावर हवं होतं ते कापड माझ्या डोक्यावर फडफडत होतं, आणि कापलेली पात वाटीत तशीच सुकत होती. पोरीचं काही बरंवाईट झालं तर? दारात पाऊल वाजलं की मला धडकी भरायची.

तिसऱ्या दिवशी ती आली. खांद्यांवर पट्ट्या, नाकाचे पापुद्रे निघालेले. सरळ माझ्याकडेच आली, तशी मी थरथरले. पण तिने फडकं तेवढं सोडलं आणि माझ्यावर एक फुटकी टोपली पालथी घातली.

"ही तुझी सावली. माझी मी नेते." मग आमाकडे वळून म्हणाली, "दरोड्याला कधी निघायचं?"

"आधी खांदे भरू देत, मेले!" आमा म्हणाली आणि तिने बाहीने डोळे पुसले.

आता ते फडकं धुऊन दोरीवर वाळतंय. सुरी अजून पायरीवरच आहे आणि माझी भीतीही गेलेली नाही. टोपलीच्या फटीतून पाहतेय, आज पुन्हा आभाळ भरून आलंय. तुम्ही समुद्रावर निघाला असाल तर हात जोडते, तोंड, मान, खांदे झाकून जा. माझ्याजवळ आता तीनच पाती आहेत.