नावाड्याचं आख्यान आणि अर्धी कोरी पानं

सुहासिनीबाईंच्या घरच्या सीपीयूवर एक लाल सैतान चिकटवलेला होता. डोक्यावर दोन शिंगं, पायात बूट, हातात त्रिशूळ. यजमानांनी, म्हणजे नरेंद्ररावांनी, तो स्टिकर हौसेनं लावला तेव्हा बाईंनी आठ दिवस त्या टेबलाकडे पाठ करून माळ ओढली होती.

"अगं, ह्या सिस्टिमचं चिन्ह आहे ते," नरेंद्रराव म्हणाले होते. "फ्रीबीएसडी म्हणतात हिला. जग विंडोज वापरतं, आपण ही."

शेवटी बाईंनीच तोड काढली. हातात त्रिशूळ आहे ना, मग शंकराच्या गणांपैकीच कुणीतरी असणार. तेव्हापासून खंडेनवमीला मिक्सरबरोबर त्यालाही कुंकू लागू लागलं.

नरेंद्रराव जाऊन तीन वर्षं झाली. बदलापूरच्या त्या दोन खोल्यांत संगणक चादरीखाली झाकून होता. तो उघडायची वेळ आणली श्रीपादबुवांनी.

बुवा अंबरनाथचे, वय अठ्ठ्याहत्तर, हयात कीर्तनात गेलेली. त्यांच्या गुरूंनी रचलेलं नावाड्याचं आख्यान आता फक्त त्यांच्याकडेच उरलं होतं. उल्हास नदीला पूर आलाय, नावाडी सगळं गाव पैलतीरी नेतो आणि एका म्हातारीसाठी पुन्हा मागे फिरतो, ही कथा. बाईंनी ती अठ्ठावीस वेळा ऐकली होती आणि अठ्ठावीस वेळा पदर डोळ्यांना लावला होता. पण गेल्या दत्तजयंतीला बुवा मध्येच विसरले. वहीत बघावं तर बारीक अक्षर दिसेना.

"यंदा जमलं तर जमलं," बुवा म्हणाले. "नाहीतर झांजा खुंटीला. मग नावाडीही माझ्याबरोबरच जाईल."

तीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या बाई. मोठ्या ठसठशीत अक्षरांत ती वही उतरवून द्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि सीपीयू रिक्षात घालून उल्हासनगर गाठलं. कॅम्प दोनमध्ये मुकेशचं रिपेअरिंगचं दुकान होतं. त्यानं तो चालू केला आणि कपाळाला हात लावला.

"आँटी, ये तो विंडोजच नाय. फॉरमॅट मारतो, अर्ध्या तासात नवीन टाकून देतो. पन आतलं सगळं जाईल, हां."

"आतलं म्हणजे?"

"साहेबांचं जे काय असेल ते."

बाईंनी सीपीयू दोन्ही हातांनी उचलला आणि आल्या पावली परत फिरल्या.

मग त्यांनी मिलिंदरावांना फोन केला. मिलिंदराव अंबरनाथमधल्याच बुवापाड्याचे. मोरिवलीच्या कारखान्यात नरेंद्ररावांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची नोकरी झाली होती, आणि ह्या सिस्टिमचं वेड दोघांनी मिळूनच घेतलं होतं. दर बुद्ध पौर्णिमेला विहाराची वंदनेची पुस्तिका ते हिच्यावरच तयार करत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर झाले.

"वहिनी, सैतानाला कुंकू?"

"गण आहे तो. तुम्ही त्यात पडू नका."

"नाही पडत. देवाचं तुम्ही बघा, अक्षरांचं मी बघतो." त्यांनी बाही सरसावली. "आपण ह्याच्यावर लाटेक बसवू. तुम्ही नुसतं टाइप करायचं. मथळा कुठला, ओवी कुठली एवढी खूण करायची. पान लावायचं काम तो करतो."

"म्हणजे छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारीच आत बसलाय म्हणा की."

"बसलाय कुठला, आधी त्याला घरात आणायला हवा."

आणि जुळारी काही सुखासुखी आला नाही. सिस्टिम तीन वर्षं जुनी, त्यामुळे सामान मिळायचं ते इंटरनेटवरचं कोठारच बंद झालेलं. आधी सिस्टिम नवी करण्यात मिलिंदरावांचा गुरुवार गेला. शुक्रवारी सामान उतरायला लागलं, ते अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली.

"आज शुक्रवार, लाइट जायचा दिवस, हे विसरलोच मी," मिलिंदराव म्हणाले.

"इथे राहून शुक्रवार विसरलात? मग पोहेच खा आता."

शनिवारी एकदाचं सगळं बसलं. बाईंनी पहिल्या चार ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर पान आलं. वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली.

"हे काय, पुरात वाहून आल्यासारखी अक्षरं."

"जुळाऱ्याला लिपी कुठली ते सांगितलंच नाही आपण." मिलिंदरावांनी एका ओळीत देवनागरीचं नाव घातलं, आणि पुढच्या क्षणी टपोरं, काळंभोर 'नावाडी' पडद्यावर उभं राहिलं. बाईंनी गणाला नमस्कार केला. मिलिंदराव खिडकीबाहेर बघत राहिले.

बुवा वही घराबाहेर देत नसत, म्हणून बाईंनी फोनवर तिचे फोटो काढून आणले होते. त्यावरून चार दिवस टाइप चाललं. वहीत एक गोष्ट त्यांना खटकली. जवळजवळ प्रत्येक पान अर्धं कोरं. कागदाची किंमत म्हणून नाही बुवांना. ऑफिसात स्टेन्सिलच्या एका ओळीचासुद्धा हिशेब द्यावा लागे. बाईंनी मजकूर सलग घेतला, आणि वहीच्या साठ पानांची चौतीस झाली तेव्हा मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दत्तजयंतीला पाच दिवस उरले असताना बुवांच्या घरी तालीम झाली. समोर स्टँडवर पानं, बुवांच्या दोन्ही हातांत झांजा. अक्षर लख्ख दिसत होतं. बुवा रंगले. नावाडी म्हातारीपाशी पोचला, त्यानं वल्हं टाकलं, हात पुढे केला, आणि...

पान संपलं. बुवांनी झांजा खाली ठेवल्या, बोट ओलं केलं, पान उलटलं, झांजा उचलल्या. पेटी पुढे निघून गेली होती. असं तीनदा झालं. म्हातारी बिचारी पाण्यातच.

"पानं देखणी आहेत गं," बुवा हळू आवाजात म्हणाले. "माझेच हात पुरत नाहीत. वहीत असं कधी होत नसे. वय झालं, दुसरं काय." आणि ते झांजा घेऊन खरोखरच खुंटीकडे वळले.

स्वयंपाकघरातून बुवांच्या पत्नीचा, भागीरथीकाकूंचा आवाज आला. "वहीत तुम्ही पान उलटायचात तेव्हा आमचे घसे चालू असायचे. गजर कोण, तुम्ही करत होतात का?"

बाईंनी खरी वही ओढली. प्रत्येक अर्ध्या पानाच्या शेवटी, फोटोत नजरेतून सुटलेलं, बारीकसं लिहिलेलं होतं: गजर. इथे बुवांनी थांबायचं, श्रोत्यांनी दत्तनाम उचलायचं, आणि त्या गलक्यात पान उलटायचं. खालची कोरी जागा वाया गेलेली नव्हती. ती माझीच होती, अठ्ठावीस वर्षं मी तिथेच गात होते, बाईंना वाटलं, आणि मीच ती बुजवून टाकली.

"बुवा, झांजा खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "दोन दिवस द्या मला."

फोनवर मिलिंदराव ओशाळले. "सांगायला हवं होतं वहिनी. आमच्याकडेही 'साधु साधु' म्हणतात तिथेच मी पान संपवतो. गजराच्या जागी नव्या पानाची खूण घाला, बाकी तो बघेल."

बाईंनी एकटीनं बसून एकेक खूण घातली. चौतिसाची एकसष्ट पानं झाली. त्यांचे ऑफिसातले साहेब असते तर ओरडले असते.

दत्तजयंतीला संध्याकाळी देवळाचा मंडप भरला. मागच्या रांगेत, चपलांच्या जवळ, मिलिंदराव बसले होते. "मी अक्षरं बघायला आलोय," त्यांनी बाईंना आधीच बजावलं होतं.

बुवा नावेपाशी आले. वल्हं टाकलं, हात पुढे केला, आणि थांबले. मंडपानं दत्तनाम उचललं. बुवांनी झांजा काखेत धरून शांतपणे पान उलटलं, घोटभर पाणीसुद्धा प्यायले. बाई त्या पानाकडेच बघत होत्या, त्यामुळे त्यांच्या टाळ्या तेवढ्या तालाबाहेर गेल्या. गजर ओसरला. नावाड्यानं म्हातारीला वर घेतलं. ती म्हातारी म्हणजे खुद्द दत्त हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पदर निघालेच. मागे मिलिंदराव चष्मा पुसत होते.

आरतीनंतर बाई पाया पडायला गेल्या तेव्हा बुवा स्टँडवरची पानं नीट करत होते.

"तिसऱ्या गजरानंतर एक ओवी सुचलीय गं. पुढच्या वर्षी घालायची म्हणतो. आता सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "जुळारी घरातच आहे."