अर्धा ठोका उशिरा

"डोरीन, हा गेम मी तपासणार नाही," म्हणत कार्मेनूने हेडफोन टेबलावर आदळले.

माझा चहा हिंदकळला. नऊ वर्षं त्याच्या शेजारी बसतेय, पण तो कधी कुठल्या गेमला नाही म्हणाला नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याचं काम एकच. ऑनलाइन जुगाराच्या स्लॉट गेमची चक्रं खोट्या पैशांनी पाचशे वेळा फिरवायची आणि आमच्या वेबसाइटसाठी गुण द्यायचे. आमच्या माल्टात या धंद्यावर कितीतरी घरं चालतात.

आजची कंपनी आमच्याच गावातल्या चार पोरांची. गेम चौदा. त्यातल्या एकाला तरी दहापैकी सातच्या वर गुण मिळाले नाहीत, तर आमच्या यादीत जागा नाही, आणि मग पोरांनी दुकान गुंडाळायचं.

सकाळपासून तो हसत होता. "अगं, तेरा गेम म्हणजे एकच बाई आणि तेरा झगे. इकडे फळं, तिकडे पिरॅमिड, आतलं गणित तेच. चार गुण, तेही चित्रं सुबक म्हणून."

"आणि चौदावा?"

"तूच ऐक."

पडद्यावर गावच्या संताचा उत्सव होता. चक्रं खरोखर नव्या तऱ्हेने फिरत होती. तीन घंटा जुळल्या आणि बँड वाजला. मी कपाळाला हात लावला. गावात बँड दोन, वरचा आणि खालचा, आणि दोघांत पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. ती खालच्या बँडची धून होती आणि कार्मेनू वरच्या बँडचा ढोलवाला. आमच्या गावात माणूस बायको बदलेल, बँड बदलणार नाही. कार्मेनूच्या धाकट्या भावाने, वेन्झूने, तो बदलला. एकोणीस वर्षांपूर्वी तो खाली ट्रम्पेट वाजवायला गेला आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं.

"तिसऱ्या ओळीत ट्रम्पेट अर्धा ठोका उशिरा येतं," कार्मेनू म्हणाला. "वेन्झूच तो. पोरवयापासून तस्सा. मी ढोलावर थांबून घ्यायचो त्याच्यासाठी."

"मग दे चार आणि हो मोकळा. कोण विचारतंय?" मी मुद्दाम डिवचलं.

"गेम चांगला आहे गं. तीच तर पंचाईत."

त्याने हेडफोन पुन्हा चढवले. पाचशे फेऱ्या झाल्या, तरी स्वारी थांबेना. टेबलाखाली पाय ताल धरत होता. मी न पाहिल्यासारखं केलं. शेवटी त्याने लिहिलं: खेळ नऊ, संगीत दहा.

"ट्रम्पेटची चूक नाही लिहिलीस?"

"ते घरातलं आहे. वेबसाइटवर कशाला?"

उत्सवाच्या रविवारी खालचा बँड चौकातून निघाला, तेव्हा वरचे सगळे रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून उभे राहिले. कार्मेनू एकटा वरच्या बँडच्या क्लबच्या पायरीवर तोंड समोर करून उभा होता. कोणीतरी खेकसलं, "अरे, वळ की!" तो ढिम्म. कठड्यावर त्याची बोटं ठेका देत होती. मला इतका आनंद झाला, की डोळेच भरून आले.

गाल फुगवलेल्या वेन्झूने पायरीकडे पाहिलं. तिसरी ओळ आली. कार्मेनूचा हात वरच थांबला, अर्धा ठोका, आणि मग ट्रम्पेटबरोबर खाली आला.