अपिलाला जोडायचा कागद

मंदाने डब्याचं झाकण उघडलं आणि आत वाकून वास घेतला. सांदणं! आंब्याच्या रसातली, मऊ लुसलुशीत, वर वेलदोड्याची पूड. सकाळी याच डब्यात तिने चंद्रहासला पोळी आणि मटकीची उसळ बांधून दिली होती.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवू नये, हे पुरुषांना कधी सुचतं का? पुरुष डबा धड विसळतसुद्धा नाहीत. म्हणजे ही बाई होती, आणि आपल्याकडचीच होती.

"तुमच्या कँटीनमध्ये सांदणं मिळायला लागली वाटतं?"

चंद्रहास बुटाची नाडी सोडत होता. "एकाने दिली."

"एकाने की एकीने?"

"मंदा, दमलोय मी."

दमलोय! गेली दहा वर्षं हा माणूस दमलेलाच होता. फौजेत असताना गाडी दरीत गेली, मणक्याला मार बसला, पुण्याच्या लष्करी इस्पितळात चार महिने काढले, आणि तिथून घरी आला तो भिंतीकडे तोंड करून झोपायलाच. पुढे निवृत्त झाला, कुवेतला तेल कंपनीत सेफ्टी सुपरवायझर झाला, तिलाही मंगफच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. भिंत बदलली, पाठ तीच. आणि आता महिनाभर दर शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, म्हणे ओव्हरटाइम. मंदा काय दुधखुळी होती? तिने सांदणं कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्यातलं वरचं एक उचलून खाल्लं. चांगलं झालं होतं, याचा तिला जास्त राग आला.

पुढच्या शनिवारी तो अंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. वर नाव होतं, झरीन. मंदाने उचलला.

"भाऊ, आज काम संपवू या. मुदत भरत आलीय. आणि येताना वैनींना घेऊन या, त्यांची सही लागेल."

"वैनीच बोलतेय," मंदा म्हणाली. "येते."

गाडीत ती घासूनपुसून लख्ख केलेला डबा मांडीवर घेऊन बसली. मुद्दाम रिकामा ठेवला होता. त्या बाईच्या पुढ्यात आदळायचा, असं तिने ठरवलं होतं. चंद्रहासने एकदाच विचारलं, "कशाला येतेस?" ती म्हणाली, "तुम्ही जाता कशाला?" त्यानंतर कुवेतच्या दुसऱ्या टोकाचं जहरा गाव येईपर्यंत, तासभर, तो रस्ता बघत होता आणि ती डबा.

दुकान टायपिंगचं होतं. व्हिसाचे फॉर्म, झेरॉक्स, फोटो. झरीन मूळची रत्नागिरीची, चाळिशीची, डोक्याला फिकट निळा रुमाल. मंदाला वाटलं होतं तितकी ती सुंदर नव्हती. पण हसरी होती, आणि ते त्याहून वाईट होतं.

"मंगफमध्ये टायपिंगची दुकानं नाहीत?" मंदाने नवऱ्याला विचारलं.

"तिकडे सगळी ओळखीची माणसं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दुकानात मराठी मंडळातलं कुणी ना कुणी असतंच."

झरीनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवल्यावर तिने शाळेच्या वहीसारखी एक वही मंदापुढे सरकवली. "भाऊ सांगतात ते मी आधी मराठीत उतरवते, मग इंग्रजी करते. पहिल्या शनिवारी तर नुसता चहा पिऊन गेले. एक शब्द बोलले नाहीत."

अक्षर गोल, नीटनेटकं होतं. 'अपघातानंतर माझ्या इंद्रियाला ताठरपणा येत नाही. इस्पितळात डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. घरी बायकोलाही सांगितलं नाही. ती जवळ आली की मी दमल्याचं निमित्त करतो. ती झोपली की उठून बसतो.'

मंदाने ते दोनदा वाचलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. दुसरी बाई असती तर परवडलं असतं! तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. पण जे तिच्या उशाशी दहा वर्षं बोलला नाही, ते या परक्या बाईला, चहाच्या कपावर, चार शनिवारांत सांगून मोकळा झाला होता.

"हिला सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही."

चंद्रहासने वही हळूच मिटली.

झरीनने गळ्याशी रुमाल सारखा केला. "वैनी, मणक्याच्या अपंगत्वाची पेन्शन लष्कराने मान्य केलीय. हे वहीतलं नाकारलं, त्याचंच अपील आहे. म्हणतात, नोकरीत असताना असल्या तक्रारीची कुठे नोंद नाही. पुढे कुवेतमध्ये साखरेचा आजार झाला, त्याने असेल. तुमचा जबाब जोडायचाय, पण तो आत्ताचा. त्या वेळचा पुरावा हवा. एक कागद आहे, पण भाऊ लावूच देत नाहीत."

"झरीनताई, तो राहू दे म्हटलं ना," चंद्रहास एकदम म्हणाला.

त्याचा सूर ऐकून मंदानेच फाइल ओढली. लष्कराच्या कार्यालयाने त्याच्या नोकरीच्या सगळ्या कागदांच्या नकला पाठवल्या होत्या. चौथ्या-पाचव्या पानावर तिचा हात थांबला.

अक्षर तिचंच होतं. जानेवारी २०१५. फौजीच्या बायकोला एक वाट ठाऊक असते: नवरा ऐकत नसेल तर लिही त्याच्या साहेबाला. तिने साताऱ्याहून एका बैठकीत लिहिलं होतं, 'माझे पती इस्पितळातून आल्यापासून माझ्याशी पतीसारखे वागत नाहीत. तिथल्या कुणा बाईशी त्यांचा संबंध असावा. साहेबांनी चौकशी करावी.'

कोपऱ्यात इंग्रजी शेरा होता. झरीनने हळू आवाजात अर्थ सांगितला. "विचारल्यावर जवान गप्प राहिला. ताकीद दिली."

त्या वर्षी त्याची बढती हुकली होती. 'तुमच्यात धमकच नाही,' असं मंदा तेव्हा म्हणाली होती. ते तिला आत्ता शब्दन् शब्द आठवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"साहेबांनी पत्र समोरच ठेवलं होतं. तुझं अक्षर ओळखणार नाही?"

"मग दहा वर्षांत एकदा तरी भांडायचंत माझ्याशी! असं काही नाही म्हणायचंत!"

चंद्रहास टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवत राहिला. "तुला बाईचा संशय आला," तो म्हणाला. "मला बरं वाटलं. निदान तुझ्या लेखी तरी मी तसा होतो."

झरीन उठली आणि काही कारण नसताना झेरॉक्स मशीनकडे गेली.

मंदाने पदराने नाक पुसलं. मग पत्र फाइलमधून काढून टेबलावर ठेवलं आणि हाक मारली. "झरीन, हा कागद लावा. पहिला लावा."

"वैनी, त्यात त्या बाईचंही लिहिलंय. सगळे वाचतील."

"वाचू देत. तारीख दिसतेय ना? सही कुठे करू?"

तिने तीन ठिकाणी सह्या केल्या. निघताना झरीनची नजर डब्याकडे गेली. "सांदणं आवडली का?"

"साखर जास्त होती. यांना चालत नाही." दारापर्यंत जाऊन मंदा मागे वळली. "पुढच्या वेळी मी पाटवड्या घेऊन येते. मी येईन. यांच्या हाती नाही पाठवणार."

गाडीत बसल्यावर चंद्रहासने किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेवर वाळूचा पातळ थर बसला होता. मंदाने पट्टा लावला, डबा पायाशी ठेवला.

"फार हसते ती," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणे! यापुढे तिच्याकडे एकट्याने यायचं नाही. मी चांगली ओळखून आहे तुम्हाला. तुमचा काय भरवसा!"

चंद्रहासने तिच्याकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून. मग त्याने हात वर करून आरसा थोडा आपल्याकडे वळवला, आणि बोटांनी केस सारखे केले.