भात्यावरचं ठिगळ

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, पंजाबातल्या एका सुताराने मला घडवलं आणि गावच्या लहानशा गिरजाघराला वाहिलं. तिथे पाद्रीसाहेब प्रभूची कथा सांगता सांगता मध्येच थांबायचे आणि इनायत मसीहकडे बघायचे. उरलेली कथा आम्ही दोघं गाऊन सांगायचो. ऐकता ऐकता बायका पदराने डोळे पुसायच्या. केवढे भाग्याचे दिवस होते ते! इनायतला अक्षर वाचता येत नव्हतं, पण शंभरावर स्तोत्रं त्याच्या गळ्यात होती.

एका शनिवारी माझा भाता फाटला. अंगणात दगडाला गुंडाळलेला एक जाड कागद पडला होता. पोरांचा खेळ असेल, असं समजून इनायतने तो कणकेच्या खळीने भात्याला चिकटवला. दुसऱ्या दिवशी गायचं होतं ना! पण रविवारी शेजाऱ्याकडे पडलेला तसाच कागद पाद्रीसाहेबांनी वाचून दाखवला. वर शेजाऱ्याचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आठ दिवसांत गाव सोडा, नाहीतर जिवंत राहणार नाही.’ इनायतचा हात माझ्या भात्यावरच थिजला. देवाच्या वाद्याला आपण हे काय चिकटवलं! लाजेने तो कोणापाशी बोलला नाही. नवव्या दिवशी गिरजाघर जळालं. आगीतून त्याने मला तेवढं बाहेर काढलं.

पुढे सिडनीत त्याने आसऱ्यासाठी अर्ज केला. अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, “धमकीचं पत्र कुठे आहे?”

“हरवलं,” तो खाली बघत म्हणाला.

अर्ज नामंजूर झाला. असं पत्र कोणी हरवत नाही, असा शेरा आला. मी घरात कोपऱ्यातच होते, मित्रांनो. पुरावा माझ्या पोटावर होता आणि मला बोलता येत नव्हतं.

आता फेरतपासणीची सुनावणी तेवढी उरली होती. तिथेही नकार आला, तर पुन्हा त्याच गावी जायचं. त्या सकाळी त्याने बायकोला, अझराला, सगळं सांगून टाकलं.

“अहो, लाजेपायी जीव देणार होतात का?” ती कडाडली. “उचला ती पेटी!”

सुनावणीच्या खोलीत दुभाष्या एकेक वाक्य उलगडत होता. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी कागदांवरून मान वर केली. “तेव्हा हरवलं म्हणालात, आज चिकटवलं म्हणता. यातलं खरं कोणतं?”

इनायतने समोरचा पाण्याचा पेला जवळ ओढला. त्यात बोट बुडवून तो माझं ठिगळ भिजवू लागला. खळ हळूहळू सुटली. कागद निघाला, पण नावावरच फाटला. ‘इनायत’ त्याच्या हातात आलं, ‘मसीह’ माझ्या भात्यावर राहिलं. मॅडमनी दोन्हींचे फोटो काढायला लावले.

“निर्णय लेखी कळवू,” त्या म्हणाल्या.

त्याला दोन महिने झाले. माझा भाता उघडाच आहे. रोज सकाळी इनायत माझ्याविना गातो. टपालवाल्याची चाहूल लागली की मध्येच थांबतो.

“येऊ दे निकालाचं पत्र,” अझरा म्हणते. “तेच लावा हिला. पण या वेळी आधी कोणाकडून तरी वाचून घ्या!”

तो हसतो. नजर मात्र दाराकडेच असते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. पेटीत हवा भरल्याशिवाय सूर निघत नाही. घाबरलेल्या माणसाचंही तसंच असतं. तो अडखळला म्हणून लगेच खोटा ठरवू नका. त्याचा भाता भरेपर्यंत थांबा.