चांदीची पावलं

"पुनवेला दर्याला नारल कोन वाहनार?" आजीने विचारलं.

बाबा ओट्यावर गाठोडं बांधत होते. साल एकोणीसशे चौतीस. ते बावीस वर्षांचे होते, मी जन्मायची होते.

"कान्हा वाहील की."

"आनि सुकानू? तो पन तोच धरील?"

"आये, दादूसचा फोटू आलाय पेपरात," कान्हाकाका मध्येच म्हणाले.

"फोटू तव्यावर टाकू काय? तीन पावसाले चामड्याच्या गोल्यामागं धावतंय, एक बोंबील तरी गावला काय रे शिवदास?"

बाबा हसले. हसत हसतच त्यांनी सांगितलं की या वेळी पौर्णिमेला ते येणार नाहीत.

हे मला कान्हाकाकांनी सांगितलं, बाबांचं दहावं झालं त्या दुपारी. तोवर मला एवढंच माहीत होतं की बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही. लहानपणी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "होडीवरून पडलो."

ज्येष्ठात दर्या खवळला की रेवदंड्याच्या होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून त्या पुन्हा पाण्यात घालतात. मुंबईत फुटबॉल जोरात चाले तो याच महिन्यांत. गिरणीत माणसं भरणाऱ्या गावच्या एका जॉबरने बाबांना खाडीच्या चिखलात पळताना पाहिलं आणि आपल्या गिरणीच्या संघात नेलं. हजेरी कापडाच्या घडीखात्यात, काम गोल करण्याचं. बाबा अनवाणी खेळत. बूट घातलेले पलटणीतले गोरे सोजीर चिखलात पाय रोवून वळेपर्यंत बाबा चवड्यांवर निसटून गेलेले असत. चिखलात टाच टेकली की माणूस रुततो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तीन वर्षं दर्या आणि मैदान दोन्ही जमलं. चौथ्या वर्षी संघ एका मोठ्या स्पर्धेत उतरला. तिचे सामने पौर्णिमेनंतरही चालणार होते, आणि गिरणीचा साहेब बाबांना बारमाही ठेवून घेणार होता. बाबांना तेच हवं होतं. आजीला नको होतं. आजोबा तापाने गेले होते. होडी त्यांची, आणि तिचं सुकाणू थोरल्याचं.

"दर्या वाईट हाय काय?" तिने विचारलं.

"वाईट न्हाय गं आये. पन मना तिथं बरं वाटतं."

ते गेले. पुढच्या मंगळवारी आजी कान्हाकाकांना घेऊन चौलच्या टेकडीवर हिंगुळजा देवीला गेली. ओटी भरली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या पोऱ्याचं पाय त्या मैदानातनं सोडव. त्याला घरी आन. चांदीची पावलं वाहीन."

पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी पलटणीशी सामना होता. मध्यंतरापर्यंत बाबांनी एक गोल केला होता. दुसरा मारायला ते वळले आणि एका सोजिराचा बूट त्यांच्या गुडघ्यावर बसला. त्याने मुद्दाम मारलं, असं बाबा कधीही कुणापाशी बोलले नाहीत.

आश्विनात ते धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे बैलगाडीने घरी आले. पाय वल्ह्यासारखा ताठ. त्या पायाने मैदान तर सुटलंच; हलत्या होडीत तोल धरणंही सुटलं. आजी त्यांना वाढी, पण तोंडाकडे बघत नसे. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "आये, माझं तोंड पन मोडलंय काय?"

आजीच्या हातातली पळी थांबली. "मीच मागितलं रे," ती म्हणाली. "देवीला म्हटलं, त्याला घरी आन. कसा आन, ते सांगितलं न्हाय."

बाबांनी ताट बाजूला सारलं. आता हे उठून जाणार आणि परत येणार नाहीत, असं काकांना वाटलं.

"कबूल काय केलंस?"

"चांदीची पावलं."

"घडवलीस?"

"कुठल्या तोंडानं घडवू?"

"घडव. मी येतो वर."

"नको रे बाबा. त्या पायानं?"

"न्हाय वाहिलीस तं जलमभर अशीच माझ्या ताटात बघत बसशील."

नवसाने गुडघा मोडत नाही, एवढं मला कळतं. बाबांनाही कळत असावं. पुढची चाळीस वर्षं ते जाळी विणत बसले. त्या काळात त्यांनी देवाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

टेकडीच्या पायऱ्या उंच आहेत. बाबा अंग तिरकं करून चढले. डावा पाय वर टाकायचा, मग ताठ उजवा ओढून घ्यायचा. आजी दर दहा पायऱ्यांवर म्हणे, "बस. मी एकटी जातें." ते बसले नाहीत. वर दोघा-तिघांनी त्यांना ओळखलं. "हाच तो फुटबॉलवाला," कुणीतरी म्हणालं. बाबांनी मान खाली घातली.

देवीपुढे आजीची मूठ उघडेना. बाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. आतली पावलं तान्ह्या मुलाच्या पावलांएवढी होती. गुरवाने ती ताम्हणात घेतली आणि विचारलं, "नवस कोनाचा?"

आजी बाबांच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

"माझा," बाबा म्हणाले.

उतरणं चढण्याहून अवघड होतं. कान्हाकाका पुढे झाले तर आजीने त्यांना मागे सारलं. ती एक पायरी खाली जाऊन पाठमोरी उभी राही. बाबा तिच्या खांद्यावर हात टेकून उतरत. मग ती पुढची पायरी उतरे आणि पुन्हा उभी राही.