उपाशीपोटी एक तास

बायको गेली की माणूस वाळतो. गालफडं बसतात, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागतो आणि शेजारीपाजारी हळहळतात. पुठ्ठेकाका मात्र फुगले. नऊ महिन्यांत चेहरा भरून आला, पापण्या जड झाल्या, बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. बरं, खाण्यापिण्याची चंगळ म्हणावी तर ताटात दोन घासांच्या वर काही नसायचं. दुःखानं वजन वाढलेला माणूस आमच्या ओळखीत हा एकच.

काका वाचनालयात बाइंडर होते. तळघरातल्या खोलीत बसून त्यांनी तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली. शिलाई उसवायची, पानांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या जुड्या, क्रमानं लावायचे, पुन्हा शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवून द्यायचं. पुठ्ठेकाका हे नाव त्यातूनच पडलं, पण ते चिकटलं स्वभावामुळे. माणूस कोरडा, ताठ, शब्दाला महाग. काकू गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि काका भिंतीशी उभे राहून काकूंच्या अंगावरच्या चादरीची कड उसवलीय तिकडे बघत होते. डोळ्यांतून टिपूस नाही. मेहुणी त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "दगड आहे नुसता."

तो शब्द काकांच्या जिव्हारी लागला. कारण त्यांना स्वतःलाही तीच शंका होती.

म्हणून तीनेक महिन्यांनी जेव्हा त्यांना सारखं भरून यायला लागलं, तेव्हा खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. उन्हाच्या दिवसांत दोन-दोन स्वेटर घालून ते कामावर येत. आवाज घोगरा झाला. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागे. जिना चढताना मध्येच थांबावं लागे. लोक म्हणाले, दगडाला पाझर फुटला. खुद्द मेहुणीनं फोन केला, "भाऊजी, जपा हो स्वतःला, इतकं मनाला लावून घेऊ नका." काकांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ताठ मानेनं आरशात बघितलं. सुजलेला चेहरा त्यांना एखाद्या प्रशस्तिपत्रासारखा वाटला.

लेक दूरच्या शहरात राहायची. तिला असल्या प्रशस्तिपत्रांचं कौतुक नव्हतं. फोनच्या पडद्यावर त्यांना बघून तिनं विचारलं, "बाबा, थायरॉइडची गोळी घेताय ना?"

"एक दिवस चुकली नाही."

"खरं सांगा."

"तुझ्या आईची शपथ."

आणि ते खरंच होतं. अकरा वर्षं काकांना ही गोळी होती. सुरुवातीला त्यांना लाजच वाटायची, हा बायकांचा आजार आपल्याला कुठून चिकटला म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, की काका "हं" म्हणून बाहेर येत आणि बाकांवरच्या मासिकांची सुटलेली पानं सारखी करत बसत. आत काय ते सगळं काकू विचारून घ्यायच्या. बाहेर येऊन सांगायच्या, "सहाला गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. मग एक तास काही नाही. चहासुद्धा नाही."

अकरा वर्षं तेच चाललं. सहाला गोळी, सातला चहा. मधला तास काकू समोरच्या खुर्चीत बसून बोलायच्या आणि काका किटलीकडे बघायचे. साडेसहाच्या सुमाराला ते विचारायचे, "चहा?" काकू म्हणायच्या, "अजून वेळ आहे," आणि पुढे बोलायला लागायच्या.

त्या गेल्यावर दुसऱ्याच सकाळी काकांनी उठल्या उठल्या चहा टाकला आणि त्याच्याच घोटाबरोबर गोळी गिळली. पुढे लेकीनं हाडांसाठी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या पाठवल्या, त्याही त्याच घोटात जाऊ लागल्या. त्या पहिल्या सकाळी एवढ्या लवकर चहा मिळाल्याचा आनंद झाला, आणि तो झाला म्हणून लगेच शरमही वाटली. पण चहा काही सुटला नाही.

लेकीच्या आग्रहाखातर रक्त तपासलं. अहवाल काकांनी स्वतः वाचला. गेल्या खेपेला टीएसएच एकोणीस होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा वाढवली होती. आता तोच आकडा एक्केचाळीस. काकांनी डोकं चालवलं. आकडा वाढला, म्हणजे थायरॉइड भरपूर झालं. म्हणजे गोळी लागू पडली. निकाल चांगला घेऊन शाळेतून घरी यावं तसे ते दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग काकांच्या पापण्या बघितल्या, मग गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. पाय उडाला, पण परत खाली यायला त्यानं बराच वेळ घेतला.

"काका, हा आकडा चाराच्या आत हवा."

"पण वाढलाय की."

"तोच तर घोळ आहे. हे तुमच्या ग्रंथीचं माप नाही. ही मेंदूची हाक आहे. गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदू तिला हाका मारतो. तिनं ओ दिली की हाक थांबते. नाही दिली की आवाज चढतो. घरात नाही का होत तसं?"

काकांच्या घरात हाक मारायला आता कोणी नव्हतं, तेव्हा आवाज चढायचा प्रश्नच नव्हता.

"गोळी चुकते का?"

"एक दिवस नाही."

"घेता कशी?"

"चहाबरोबर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हाडांच्या गोळीचंही ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग ती गोळी अंगाला लागणार कशी? पालथ्या घड्यावर पाणी. मी मात्रा वाढवतेय आणि तुम्ही चहात बुडवताय. हा थकवा, ही थंडी, सूज, रडू, विसरणं, सगळी त्या ग्रंथीची करणी आहे."

"हे दुःख आहे," काका म्हणाले. त्यांच्या मानानं ते मोठ्यानं बोलले.

"असेल. पण एवढं सगळं नाही."

"मग किती?"

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं. "ते माझ्या तपासणीत कळत नाही, काका. आधी हे बरं करू. उरेल ते तुमचं." मग त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. "मात्रा तीच ठेवू. पाण्याबरोबर, उपाशीपोटी. हाडांची गोळी दुपारी. चहा अर्ध्या तासानं."

"एक तासानं," काकांनी दुरुस्ती केली.

"अर्धा तास पुरतो."

"आमच्याकडे एक तास होता."

डॉक्टरीणबाई हसल्या. "हो, आठवतंय मला. पहिल्याच दिवशी मी त्यांना अर्धा तास सांगितला होता. त्यांनीच विचारलं, तास ठेवला तर काही बिघडेल का? मी म्हटलं, उलट चांगलंच. किती काळजी घेते बाई, असं वाटलं मला."

काका चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि बाकावर बसले. मासिकांना त्यांनी हात लावला नाही. अकरा वर्षं रोज अर्धा तास त्या बाईनं त्यांच्याकडून काढून घेतला होता आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. एरवी हा माणूस बसून ऐकणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

आता कुणीही शहाणा माणूस दुसऱ्या दिवसापासून गोळी नीट घेईल. काकांनी घेतली नाही. आठ दिवस ते मुद्दाम, समजून-उमजून, चहाबरोबरच गोळी गिळत राहिले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती साधीच होती. आकडा खाली आला, सूज उतरली, रडू थांबलं आणि खाली काहीच उरलं नाही तर? मग मेहुणी म्हणाली तेच खरं. दुःख म्हणून मिरवलं ते गळ्यातल्या एका ग्रंथीचं दुखणं, आणि आपण जसे होतो तसेच पुठ्ठा.

नवव्या दिवशी ग्रंथपालबाई तळघरात उतरल्या. हातात काकांनीच शिवलेलं एक पुस्तक होतं. "वाचकाची तक्रार आहे, काका. शेवटचा फर्मा मध्ये शिवला गेलाय. नायिका मेल्यावर लग्न करते." मग त्या घाईनं म्हणाल्या, "असू दे हो. तुमची मनःस्थिती आम्हाला कळते."

तीस वर्षांत असं झालं नव्हतं. काकांनी शिलाई उसवायला घेतली. एकेक दोरा ओढताना त्यांच्या मनात आलं, ती तासभर बोलायची ते काय बोलायची? अकरा वर्षं, रोज एक तास. त्यातलं एक तरी आठवावं म्हणून त्यांनी डोळे मिटले. काही आलं नाही. 'अजून वेळ आहे' एवढे शब्द आले, पण तेही नुसते शब्द, तिच्या आवाजात नाहीत. काकांनी हातातली सुई टेबलावर ठेवली. तिची खूण म्हणून जे दुखणं ते जपत बसले होते, ते तिलाच पुसत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी पाण्याबरोबर गोळी घेतली.

तो अर्धा तास जाता जाईना. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची रद्दी साठली होती, ती त्यांनी उचलली, मग पुन्हा ठेवली, मग पुन्हा उचलली. किटली रिकामी होती तरी ते तिच्याकडे बघत बसले. बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. साडेसहाला काका धावल्यासारखे उठले आणि त्यांनी चहा टाकला. असे पंधरा दिवस गेले, महिना गेला. काही झालं नाही. मग एक दिवस जिना चढून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मध्ये थांबलोच नाही. पुढच्या आठवड्यात स्वेटर खुंटीवर राहिला. अंगठी बोटात फिरू लागली.

दोन महिन्यांनी आकडा आला तीन पूर्णांक आठ. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा परत आला." मेहुणी म्हणाली, "बरं झालं, सावरलात एकदाचे." ग्रंथपालबाईंनीही तेच म्हटलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि हळूहळू फोन यायचे थांबले. सावरलेल्या माणसाला कोण फोन करतो?

त्यानंतरच्या एका सकाळी काका गोळी घेऊन बसले होते. डोकं लख्ख होतं. डोळे कोरडे, हात हलके. आणि काहीही कारण नसताना त्यांना काकूंचं एक स्वप्न आठवलं. कधीतरी अशाच सकाळी तिनं ते सांगितलं होतं. "अहो, गंमतच झाली. मी स्वप्नात तुमच्या वाचनालयात आले. तुम्ही तळघरातून वर आलात आणि मला ओळखलंच नाहीत. म्हणालात, कार्ड दाखवा. मी म्हटलं, अहो, मी. तुम्ही म्हणालात, कार्ड दाखवा." हे सांगून ती हसली होती, आणि मग हसायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली होती. ती कशाची तरी वाट बघत होती. सगळं तिच्या आवाजात आठवलं, अगदी त्या 'अहो'सकट.

त्यावर आपण काय म्हणालो होतो तेही काकांना आठवलं. आपण म्हणालो होतो, "चहा?"

मग पुठ्ठेकाका रडले. सूज नव्हती, थंडी नव्हती, आकडा तीन पूर्णांक आठ होता. ते दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून रडले आणि बघायला कुणी नव्हतं.

रडणं थांबलं तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. डॉक्टरीणबाईंचा अर्धा तास संपला होता. काकांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, खुर्चीवरची रद्दी काढून खाली ठेवली आणि जुन्या सवयीनं समोर बघून विचारलं, "चहा?"

थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली.

"अजून वेळ आहे," मग त्यांनीच उत्तर दिलं, आणि ते सात वाजेपर्यंत तसेच बसून राहिले.