एका शिवणीत एक ओळ

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे मोठे करत आलो. स्वतःचे सांगण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे जमेल की नाही याची मला शंकाच आहे. तरी सांगतो. मी एक जुना माईक आहे. गाण्यासाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानात, तीन नंबरच्या खोलीत राहतो. तिथे टीव्हीवर गाण्याचे शब्द उमटतात, वाजवायचे काम यंत्र करते, आणि गळा तेवढा आपला आपण आणायचा असतो. याला कराओके म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. जाड चष्म्याच्या एका बाईने केसाहून बारीक तार माझ्या पोटात बसवली, डोक्यावर जाळी चढवली आणि मला पुढे सरकवले. तपासनिसाने मला तोंडाशी धरून म्हटले, "हॅलो, हॅलो!" मला वाटले, हेच माझे नाव. बरीच वर्षे मी तसेच समजत होतो, कारण जो तो मला हातात घेतला की आधी तीच हाक मारी.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. "काय स्वच्छ आवाज येतो याचा!" असे लोक म्हणत. खरे तर आवाज त्यांचाच असे, पण स्तुती कोणाला नकोशी होते? काही जण मात्र टपल्या मारत. एकाने रंगात येऊन मला वायरीने गरगर फिरवले आणि भिंतीवर आपटले. जाळीला पोचा पडला, मानेजवळची वायर ढिली झाली. ती वाकली की माझी वाचाच बसे. पुढे बिनवायरचे चकचकीत माईक आले आणि माझी रवानगी खणात झाली, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी.

एका दुपारी खण उघडला. "नवीन माईक संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना लागतात," मालक म्हणाले. "तुम्हाला जुना चालेल ना, मावशी?"

"चालेल की. मी तरी कुठे नवीन आहे?"

या मावशी पडदे शिवत. आमच्या खोल्यांचे जाडजूड पडदे त्यांनीच शिवलेले. सोबत त्यांची नणंद होती. तिने सारी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली होती, त्यामुळे तिला माझी गरजच नव्हती.

"वहिनी, अजून विचार कर. तू न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणली नाहीस."

"म्हणून तर खोली घेतली, वन्सं. घरी सून ऐकेल."

हळूहळू मला सारे कळले. मावशींची सून जपानची. मुलगा जहाजावर इंजिनियर, महिनोन्‌महिने समुद्रावर. घरात या दोघीच.

"किती बोलायची, हसायची पोर!" मावशी म्हणाल्या. "मोडकंतोडकं का होईना, बोलायची. आता 'हो आई', 'नको आई', संपलं. आणि परवा कपाटावरची बॅग खाली काढून ठेवलीय."

"मग विचार की सरळ."

"काय विचारू? तिला माझं निम्मं कळत नाही, मला तिचं काहीच कळत नाही. तिच्या वाढदिवसाला तिच्याच भाषेतलं एक गाणं म्हणणार मी. 'तू आमची आहेस', एवढं तिच्यापर्यंत पोचलं तरी बास."

वन्संनी रिमोट उचलला.

पहिले जपानी गाणे त्यांनी घेतले ते मुलांच्या कार्टूनमधले, उड्या मारणारे; शब्द टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत येत. मावशी पहिल्या ओळीवर होत्या तेव्हा गाणे दुसऱ्या कडव्यात पोचले होते. वन्सं म्हणाल्या, "ही एक्स्प्रेस आहे, वहिनी. आपल्याला प्रत्येक थांब्यावर थांबणारी गाडी हवी."

दुसरे गाणे गरीब गाईसारखे सुरू झाले आणि ध्रुवपदाला असे उंच चढले की मावशींचा आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा निघाला. खरे सांगतो, मलाही तो सोसवेना. माझी मान वाकली आणि मी बंद पडलो.

"झालं! माईकनेही हात टेकले," वन्सं म्हणाल्या.

मावशी हसल्या नाहीत. मला उलटेसुलटे करून त्यांनी वायर चाचपली. दुसऱ्या दिवशी येताना पडद्याच्या कापडाची पट्टी आणि सुईदोरा घेऊन आल्या, आणि माझ्या मानेभोवती घट्ट, बारीक टाक्यांची कॉलर शिवली. मान ताठ झाली. इतक्या वर्षांत मला पुसले अनेकांनी होते, पण दुखते कुठे हे कुणी पाहिले नव्हते. मी मनाशी ठरवले, या बाईंना दगा द्यायचा नाही.

त्या दिवशी त्यांनी गाणे निवडायची युक्तीही आणली होती. "शब्द काही अवघड नाहीत हो, वन्सं. का, की, कु, के, को! आपली बाराखडीच. जोडाक्षरं फारशी नाहीत. जीव जातो तो धावपळीत. म्हणून मी काल शिलाई मशीनच्या घरघरीत, सुनेला कळू न देता गुणगुणून पाहिलं. एका शिवणीत एक ओळ बसली पाहिजे, आणि दोरा कापताना श्वास घेता आला पाहिजे. तसंच गाणं शोधायचं."

मग त्या टेबलावर बोटांनी काल्पनिक कापड सरकवत एकेक गाणे ऐकत गेल्या. हे घाईचे, नको. याच्यात मध्येच इंग्रजी घुसते, नको. हे चढते, मुळीच नको. वन्सं कंटाळून दोनदा डुलक्या काढून उठल्या, पण मावशी हटल्या नाहीत. शेवटी एक जुने, संथ गाणे सापडले. चाल चार पायऱ्या चढून तशीच खाली उतरे, आणि ध्रुवपदात तेच तेच शब्द पुन्हा येत.

"अर्थ काय असेल गं याचा?" वन्सं म्हणाल्या.

"अर्थ ती लावेल. आपलं काम ओठांचं."

त्यानंतर मावशी रोज दुपारी येत. चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून म्हणत. घरी मशीनच्या घरघरीत म्हणत, वाटेत म्हणत. वन्सं सांगत की आता बाजारात भाजी निवडतानाही ही बाई जपानी बोलते.

वाढदिवसाच्या दुपारी सून आली. सडपातळ, शांत मुलगी. कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन, आत्ताच उठून जायचे असल्यासारखी बसली. मावशींनी मला हातात घेतले. मी मान ताठ धरली.

मावशींनी सुरुवात केली. पहिली ओळ सरळ गेली, शिवणीसारखी. दुसरीही गेली. सुनेने चमकून वर पाहिले आणि तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलू लागले.

"रडतेय बघ," वन्सं कुजबुजल्या.

रडत कुठली! ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मावशींचा स्वर एकदा डळमळला. पण पुढची ओळ त्यांनी पकडली, आणि गाणे शेवटपर्यंत नेले. हसणाऱ्यासमोर गाणे थांबवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. न थांबणारी ही एकच.

"आई, सॉरी," सून श्वास घेत म्हणाली. "माझ्या गावात... मोठं दुकान. बंद होतं, तेव्हा हे गाणं लावतात. सगळे, आता घरी जा. लवकर जा."

"अगं बाई!" वन्सं ओरडल्या. "वाढदिवसाला पोरीला हाकलायचं गाणं म्हटलंस, वहिनी!"

मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या बोटांनी मला इतके घट्ट आवळले की मला कळले, त्यांच्या डोळ्यांपुढे ती बॅग आहे. मग त्यांनी मला पुन्हा तोंडाशी धरले.

"मग दुकान उघडताना कोणतं लावतात? ते सांग. ते म्हणते मी."

सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिचे हसू ओसरले.

"मी जाणार होते," ती म्हणाली. "दिवसभर घर गप्प. मी पण गप्प. मला वाटलं, आईला चालतं तसं."

"मला?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, तुला शांतता आवडते!"

"आणि मी आहे ना!" वन्सं म्हणाल्या. "मी तुमच्याकडे रोज यायला लागले तर शांतता कुठली मिळतेय?"

सून उठून मावशींजवळ येऊन बसली. तिने रिमोट घेतला. एकेक गाणे लावून ती कान देऊन ऐकू लागली, पण स्वतःसाठी नव्हे. "हे नको, वर जातं. हे नको, पळतं."

"एक्स्प्रेस," वन्संनी शब्द पुरवला.

"एक्स्प्रेस," ती गंभीरपणे म्हणाली.

दुकान उघडतानाचे गाणे मिळाले. सोपे होते, फक्त एक ओळ उंच होती. मावशींनी ती ऐकून कपाळाला हात लावला.

"ती ओळ माझी," सून म्हणाली. "बाकी आई."

त्या दुपारी मी एका हातातून दुसऱ्या हातात किती वेळा गेलो, हे मला आठवत नाही. पुढच्या आठवड्यात वन्सं मालकांना सांगत होत्या, बॅग पुन्हा कपाटावर चढली म्हणून. मला खणात टाकायला आता मालकही धजावत नाहीत. कारण त्या तिघी दर आठवड्याला येतात आणि मलाच मागतात.

मित्रांनो, मोठा उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. एवढेच मागतो, की माईक हाती आला तर त्यावर टपल्या मारू नका, वायर ओढू नका. आवाज बसलेल्या वस्तूला टाकण्याआधी तिची मान एकदा चाचपून पाहा. घरात कुणी गप्प झाले असेल, तर त्या शांततेचा अर्थ मनानेच लावू नका. जवळ बसा, आणि गाणे त्यांना निवडू द्या.

माझी कॉलर मध्यंतरी उसवली होती. या वेळी ती सुनेने शिवली. टाके मोठे आहेत, वाकडेही आहेत. सरळ शिवणीत जन्म गेलेल्या मावशींनी मला उजेडात धरून ते नीट पाहिले, आणि एकही उसवला नाही.